‘चालायला म्हणजे कुठं जायचं?’ : लालबागमधील एका आजींचे प्रकरण

मी फिजिओथेरपिस्ट असून परळ, लालबाग आणि शिवडी या भागांत वृद्धांच्या घरी जाऊन उपचार करते. ७२ वर्षांच्या एका आजींसोबत मी जवळपास दहा महिने काम केले. त्यांतील पहिले सहा आठवडे पूर्णपणे वाया गेले आणि ते माझ्या चुकीमुळे गेले. उतारवयात माणूस शरीर हलते कशासाठी ठेवतो आणि कशामुळे थांबवतो, हे मला त्या चुकीमुळेच नीट समजले, म्हणून हे प्रकरण सविस्तर नोंदवत आहे. आजींनी आणि त्यांच्या कुटुंबाने लिहिण्यास संमती दिली आहे. ओळख पटू नये यासाठी नाव दिलेले नाही आणि काही तपशील बदलले आहेत.

पार्श्वभूमी

आजी लग्न होऊन लालबागच्या चाळीत आल्या त्या तिसऱ्या मजल्यावरच्या एका खोलीत. यजमान गिरणीत साच्यावर, म्हणजे कापड विणण्याच्या मागावर, होते. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांबरोबर त्यांचेही काम थांबले आणि पुढे ते कधी पूर्ववत झाले नाही. त्या वर्षी आजींनी खानावळ सुरू केली. गिरणगावातल्या बायकांना हे काम नवीन नव्हते. प्रेमा पुरव यांनी १९७५ मध्ये अन्नपूर्णा महिला मंडळ उभे केले ते अशाच खानावळवाल्या बायकांना एकत्र आणून. आजी मंडळात नव्हत्या, पण काम तेच होते. रोज पाच किलो पीठ मळायचे, पहाटे पाणी भरायचे, भाजी आणि सामान खालून वर आणायचे, डबे वरून खाली पोहोचवायचे. मुलगा नोकरीला लागल्यावर खानावळ बंद झाली, तरी जिना सुटला नाही. चाळीच्या जिन्याला ५४ पायऱ्या होत्या आणि दिवसातून निदान चार खेपा व्हायच्या. शौचालय गॅलरीच्या टोकाला होते. ‘व्यायाम’ हा शब्द आजींनी स्वतःसाठी आयुष्यात कधी वापरला नव्हता. तो तालमीत जाणाऱ्या मुलांसाठी होता.

चाळीचा पुनर्विकास झाला आणि कुटुंब चौदाव्या मजल्यावर राहायला आले. घरात नळ, घरातच शौचालय, दोन लिफ्ट. हे सुख आजींना फार उशिरा मिळाले, आणि सार्वजनिक शौचालयापुढे रांगेत उभे राहण्याचे दिवस त्यांच्या तब्येतीसाठी परत यावेत असे कोणीही म्हणू नये, मीही म्हणत नाही. परंतु त्या जुन्या गैरसोयींमध्ये त्यांची सारी हालचाल गुंतलेली होती, हे सामान हलवताना कोणाच्याच लक्षात आले नाही. सूनबाईंनी मायेने स्वयंपाकघर स्वतःकडे घेतले. भाजी मोबाइलवरून मागवली जाऊ लागली. ‘आई, तुम्ही आयुष्यभर खूप केलंत, आता बसा,’ हे वाक्य घरात रोज कोणी ना कोणी प्रेमाने उच्चारत होते, आणि आजी खरोखरच बसल्या.

आठ महिन्यांनी, जानेवारीत, त्या न्हाणीघरात घसरून पडल्या. हाड मोडले नाही, मनगट सुजले, तेवढ्यावर निभावले. मात्र त्यानंतर त्या घरातल्या घरात भिंत धरून चालू लागल्या. सूनबाईंनी मला बोलावले ते या कारणासाठी.

तपासणी

दोन्ही गुडघ्यांची झीज, रक्तदाबाची एक गोळी, मधुमेह नाही. आडवे असताना आणि उभे राहिल्यावर मोजलेल्या रक्तदाबात लक्षणीय फरक नव्हता, म्हणजे उठताना चक्कर येऊन त्या पडल्या असण्याची शक्यता कमी होती. त्यांच्या डॉक्टरांनी व्यायामाला हरकत घेतली नव्हती. खुर्चीतून उठून तीन मीटर चालत जाणे, वळणे आणि परत येऊन बसणे या चाचणीला त्यांना १७ सेकंद लागले. १२ सेकंद किंवा त्याहून अधिक वेळ लागला तर पडण्याचा धोका आहे असे धरतात. हात छातीवर ठेवून ३० सेकंदांत खुर्चीतून किती वेळा उठता येते, या चाचणीत त्या सात वेळा उठल्या. त्यांच्या वयोगटातील स्त्रियांसाठी दहापेक्षा कमी म्हणजे सरासरीहून कमी.

आकडे वाईट होते, पण हताश करणारे नव्हते. आकड्यांपेक्षा मला खटकली ती दुसरी एक गोष्ट. उठण्याआधी आजी दोन्ही तळवे मांड्यांवर दाबून क्षणभर थांबत आणि समोरच्या फरशीकडे बघत. गुडघा दुखतो म्हणून माणूस असा थांबत नाही. आपले पाय आपल्याला धरतील की नाही याचा भरवसा उरला नाही, की माणूस असा थांबतो.

पहिले सहा आठवडे

हे दिसूनही मी जे केले ते नेहमीचेच होते. आठ व्यायामांचा चित्रांसह छापील कागद दिला, प्रत्येक व्यायाम दहा वेळा, दिवसातून दोनदा. शिवाय इमारतीच्या पोडियमवरच्या बागेत रोज अर्धा तास फेऱ्या मारण्यास सांगितले. ६५ वर्षांवरील व्यक्तींनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी आणि आठवड्यातून निदान तीन दिवस तोल व ताकद यांचे व्यायाम करावेत, अशी जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आहे. माझा कागद त्या शिफारशीला धरून होता. मुलाने पावले मोजणारा मनगटी पट्टा आणून दिला.

सहा आठवड्यांनी मोजमाप जवळजवळ जिथल्या तिथे होते. कागद कॅलेंडरच्या मागे खोचलेला होता आणि त्याला घडीसुद्धा पडलेली नव्हती. पट्टा देवघराच्या फळीवर होता. ‘कोणीतरी सारखी नाडी बघतंय असं वाटतं,’ असे आजी म्हणाल्या. बागेत त्या एकूण चार वेळा गेल्या होत्या. मी थोड्या नाराजीने विचारले की चालायला का जात नाही. त्यावर त्यांनी अगदी मनापासून प्रतिप्रश्न केला, ‘चालायला म्हणजे कुठं जायचं?’

बागेचे नाव मी पुन्हा घेतले. त्या म्हणाल्या, ‘तिथं गोल फिरून परत तिथंच यायचं. त्याला जाणं म्हणत नाहीत, बाई.’

मी त्यांना आळशी समजत होते, असे नाही. पण मनातून मी त्यांना ‘प्रेरणा नसलेला रुग्ण’ या रकान्यात टाकले होते, हे कबूल केले पाहिजे. ती नोंद चुकीची होती. मराठीत ‘प्रेरणा’ या शब्दाच्या शेजारी ‘निमित्त’ हा एक साधा शब्द आहे, आणि आजींच्या बाबतीत उणीव होती ती निमित्ताची. पाणी, डबे, बाजार, भजन, शेजारणीकडचे विरजण, अशा डझनभर निमित्तांनी त्यांचे शरीर पन्नास वर्षे हलत राहिले होते. ती सगळी निमित्ते आठ महिन्यांत एकेक करून काढून घेतली गेली आणि त्यांच्या जागी मी कागदावर आठ चित्रे दिली.

आजींच्या दिवसाची मोजणी

पुढच्या भेटीत मी व्यायाम घेतला नाही. चाळीतला त्यांचा एक दिवस पहाटेपासून रात्रीपर्यंत त्यांच्याकडून ऐकला आणि लिहून काढला. हे दीड तासाचे काम होते आणि माझ्या मते संपूर्ण उपचारातले सर्वांत महत्त्वाचे. त्या दिवसात चालणे किती होते यापेक्षा त्या चालण्याला कोण जोडलेले होते, हे त्यांच्या बोलण्यात वारंवार येत होते. अमुक वाट बघत असायची, तमुकला वेळेवर डबा लागायचा, गुरुवारी मंडळात टाळ त्यांच्याकडेच असायचा, त्या गेल्या नाहीत तर भजन अडायचे.

एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी माणसाच्या टिकाऊ प्रेरणेसाठी तीन गरजा सांगितल्या आहेत : निर्णय आपला असणे, आपल्याला हे जमते असे वाटणे, आणि आपण कोणाशी तरी जोडलेले असणे. आजींच्या दोन दिवसांवर हे ताडून पाहिले. चाळीतल्या दिवसात तिन्ही गोष्टी होत्या. टॉवरमधल्या दिवसात निर्णय मुलाचे आणि सुनेचे होते, माझ्या कागदामुळे त्यांत माझ्याही निर्णयांची भर पडली होती. जमते ही भावना न्हाणीघरात पडल्या त्या दिवशी गेली होती. आणि जोडलेली माणसे पुनर्विकासात चार दिशांना पांगली होती.

दुसरी चूक काळाची होती. मी त्यांना सांगत होते की नियमित चालल्याने पुढे हृदयविकार आणि परावलंबन टळेल. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टनसन यांचे संशोधन सांगते की पुढचा काळ मर्यादित आहे असे जाणवू लागले, की माणूस दूरच्या लाभापेक्षा आज ज्याने मन भरते त्याला आणि जवळच्या माणसांना अधिक महत्त्व देतो. ७२ व्या वर्षी कोणाला ८२ व्या वर्षाचे आमिष दाखवणे फारसे उपयोगी पडत नाही. ‘येत्या गुरुवारी भजनाला जायचे आहे का?’ हा प्रश्न मात्र थेट पोहोचतो. मी तो विचारला. आजी काही वेळ बोलल्या नाहीत, मग म्हणाल्या, ‘रस्ता ओलांडायचा धीर होत नाही.’

ही आमच्या कामाची खरी सुरुवात होती.

दुसरी योजना

भजनी मंडळातल्या पाच-सहाजणी घरापासून दहा मिनिटांवरच्या एका देवळात दर गुरुवारी पुन्हा जमू लागल्या आहेत, हे आजींना ठाऊक होते. तिथे स्वतःच्या पायांनी जाऊन यायचे, हे उद्दिष्ट त्यांनी ठरवले. माझे काम त्यांचे शरीर आणि मन तिथपर्यंत नेण्याचे होते.

धास्ती कशी कमी करायची याविषयी मानसशास्त्रज्ञ आल्बर्ट बँड्युरा यांचे म्हणणे मला नेहमी उपयोगी पडते : आपल्याला जमेल हा विश्वास सर्वांत जास्त येतो तो प्रत्यक्ष जमल्याने, समजावण्याने नव्हे. म्हणून आम्ही न्हाणीघरापासून सुरुवात केली. भिंतीला स्टीलचा दांडा बसवला, रबरी चटई टाकली, रात्रीसाठी छोटा दिवा लावला. नंतर मी आजींना जमिनीवरून उठायला शिकवले : कुशीवर वळायचे, हातांवर भार घ्यायचा, गुडघ्यांवर यायचे, मग पलंगाला धरून एक पाऊल पुढे ठेवून उठायचे. गुडघ्यांखाली गोधडीची घडी ठेवली. पहिल्यांदा तीन मिनिटे लागली आणि दोघींना घाम फुटला. चौथ्या दिवशी त्या माझा हात न घेता उठल्या आणि सूनबाईंना हाक मारून त्यांनी ते पुन्हा करून दाखवले. पडले तर उठता येते हे एकदा कळल्यावर पडण्याची धास्ती जितकी उतरली, तितकी ती माझ्या कोणत्याही समजुतीच्या बोलण्याने उतरली नव्हती.

आठ व्यायामांपैकी तीनच ठेवले आणि ते घड्याळाऐवजी स्वयंपाकाला बांधले. कुकरच्या तीन शिट्या होईपर्यंत ओट्याला धरून टाचा उचलायच्या. चहाचे आधण ठेवले की खुर्चीतून उठ-बस. देवापुढे निरांजन लावल्यावर ओट्याला बोटे टेकवून एका पायावर उभे राहायचे. अमुक घडले की तमुक करायचे, असा आधीच बांधलेला बेत माणसाकडून जास्त पाळला जातो, हे मानसशास्त्रज्ञ पीटर गोलविट्झर यांनी दाखवून दिले आहे. आपल्याकडे तुळशीला पाणी घालून मगच चहा घेणाऱ्या पिढीला ते वेगळे शिकवावे लागत नाही.

पण या बेतासाठी आजी ओट्यापाशी असणे भाग होते, आणि तिथे घरातून विरोध झाला. सकाळचा एक कुकर आणि आठवड्यातून तीनदा भाजी आजींकडे द्यावी, असे मी सुचवले तेव्हा मुलगा दुखावला. ‘म्हातारपणी आईला बाजारात पाठवलं तर लोक काय म्हणतील?’ हा त्याचा प्रश्न मला समजत होता. ज्या बाईने पन्नास वर्षे जिने चढून संसार ओढला, तिला बसवून खाऊ घालणे हे त्याचे स्वप्न होते. ‘या वयात ताकद काय येणार?’ असेही त्याने विचारले. त्यावर मी त्याला १९९० चा अमेरिकी संशोधक मारिया फियातारोन यांचा अभ्यास सांगितला. वृद्धाश्रमातल्या सरासरी ९० वर्षे वयाच्या व्यक्तींनी आठ आठवडे वजनांचा व्यायाम केला आणि त्यांच्या पायांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. ती माणसे दहाच होती, पण वय झाले म्हणून स्नायू शिकायचे थांबत नाहीत, हे त्यातून निर्विवाद दिसले. अमेरिकेतच पुढे ७० ते ८९ वर्षे वयाच्या १,६३५ व्यक्तींवर झालेल्या आणि २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या चाचणीत, चालणे आणि ताकदीचे व्यायाम करणाऱ्या गटात ४०० मीटर चालण्याची क्षमता गमावण्याचा धोका १८ टक्क्यांनी कमी आढळला. चारशे मीटर म्हणजे त्यांच्या फाटकापासून भाजीवाल्यापर्यंतच्या अंतराहून थोडे जास्त, हे मी त्याला खिडकीतून दाखवले. तो लगेच तयार झाला नाही. तयार झाला तो आजींनी स्वतः सांगितल्यावर : ‘मला बसवून ठेवू नकोस, मी बसले तर उठणार नाही.’

गुढीपाडव्याच्या आठवड्यात त्या पहिल्यांदा भाजीला गेल्या. मी दहा पावले मागे होते. दोन हातांत दोन पिशव्या, प्रत्येकीत एक किलोपेक्षा कमी, म्हणजे तोल एका बाजूला जाणार नाही. भाजीवालीने कोथिंबिरीची जुडी पुढे केली तर आजींनी देठ वाकवून पाहिले आणि परत ठेवली. तेवढा वेळ त्या कशालाही न धरता, मान खाली घालून, पदपथाच्या कडेला उभ्या होत्या. घरी आल्यावर मी त्यांना हे सांगितले. त्यांच्या ते लक्षातच आले नव्हते.

तिसऱ्या आठवड्यात त्या भजनाला गेल्या. रस्ता ओलांडताना सूनबाई सोबत होत्या. पुढे मंडळातलीच एक बाई सिग्नलपाशी येऊन थांबू लागली.

पावसाळा

आषाढात पंधरा दिवस सगळे थांबले. रस्त्यावर पाणी, पदपथावर शेवाळ, आणि दमट हवेत गुडघ्यांची कुरकुर. याच काळात चातुर्मास लागल्याने भजने वाढली, म्हणजे बाहेर पडण्याचे निमित्त आणि बाहेर पडण्याचा धोका दोन्ही एकाच वेळी वाढले. झिजलेल्या रबरी चपला जाऊन मागून पट्टा असलेल्या सँडल आल्या. कोसळत असेल तेव्हा जायचे नाही, असा नियम आजींनी स्वतः केला. दुखण्याविषयी आमचा ठराव साधा होता : चालताना सोसवेल इतके दुखले आणि दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत शमले तर हरकत नाही, दुसऱ्या दिवशीही ठणकत राहिले तर आदल्या दिवशीचे प्रमाण निम्मे करायचे.

जे मी योजले नव्हते तेही याच दिवसांत घडले. आजी पावसामुळे चौदाव्या मजल्याच्या पॅसेजमध्ये फेऱ्या मारू लागल्या. समोरच्या घरातल्या ६८ वर्षांच्या बाई, ज्या यजमान गेल्यापासून दाराबाहेर फारशा पडत नसत, दारात उभ्या राहून बघायच्या. आजींनी त्यांना बोलावले. दोघी अभंग म्हणत चालू लागल्या, दोन अभंग संपेपर्यंत फेऱ्या, असा हिशेब. त्यानंतर सकाळी साडेदहाला दार वाजले की आजींना उठणे भाग पडू लागले, आणि आजींनी दार वाजवले की शेजारणीला. ज्या पोडियमच्या बागेला आजी ‘गोल फिरणे’ म्हणून नाकारत होत्या, तिथेच त्या भाद्रपदात या शेजारणीला घेऊन जाऊ लागल्या. जागा बदललेली नव्हती. आता तिथे कोणाला तरी न्यायचे होते.

वेळेबद्दल एक गोष्ट इथेच सांगते. डॉ. मदन कटारिया यांनी १३ मार्च १९९५ रोजी अंधेरीच्या लोखंडवाला भागातल्या बागेत पाच जणांना घेऊन पहिला हास्यक्लब सुरू केला आणि तो प्रकार जगभर गेला. शिवाजी पार्कच्या कट्ट्यावर पहाटे जमणारे ज्येष्ठ पाहिले की कळते, माणसे व्यायामाइतकीच एकमेकांसाठी येतात. पण पहाटे सहाला त्या कट्ट्यावर असे मंडळ जमवणे ज्यांना परवडते त्यांत पुरुष अधिक दिसतात. आजींच्या पिढीतल्या बायकांची सकाळ डबे आणि देवपूजा यांची असते. पहाटेच्या कार्यक्रमांना स्त्रिया येत नाहीत म्हणून त्यांना उत्साह नाही असे म्हणणाऱ्यांनी वेळ साडेदहाची करून पाहावी.

सहा महिन्यांनंतर

सप्टेंबरअखेर तीन मीटरच्या चाचणीला ११ सेकंद लागले आणि ३० सेकंदांत आजी ११ वेळा उठल्या. मधल्या काळात त्या एकदाही पडल्या नाहीत. बाजार, देऊळ, पॅसेज आणि बाग मिळून आठवड्याला साधारण २०० मिनिटे चालणे होते. गुडघ्यांची झीज आहे तशीच आहे आणि चढ-उतारात दुखतेही. एका पायावर उभे राहण्याचा व्यायाम त्या अजून टाळतात. मनगटी पट्टा त्यांनी नातवाला देऊन टाकला. त्याऐवजी कॅलेंडरच्या चौकटीत, जिथे पूर्वी दुधाचा आणि गॅसच्या सिलिंडरचा हिशेब असे, तिथे त्या पेन्सिलीने उठ-बशीचा आकडा लिहितात. हे मी सुचवलेले नाही.

एका व्यक्तीवरून सर्वांचा निष्कर्ष काढता येत नाही. आजींना आयुष्यभराच्या कष्टाची सवय होती, बोलून दाखवण्याची हिंमत होती आणि चूक उमगल्यावर बदलणारे कुटुंब होते. दृष्टी अधू असलेल्या, स्मरणशक्ती ढासळलेल्या किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्धांबाबत हाच मार्ग जसाच्या तसा चालणार नाही. माझ्या कामात मात्र एक बदल कायमचा झाला आहे. आता पहिल्या भेटीत मी कागद देत नाही. घर बदलण्यापूर्वीचा किंवा आजारापूर्वीचा एक पूर्ण दिवस विचारून घेते, आणि घरच्यांनी प्रेमाने कोणती कामे काढून घेतली आहेत याची वेगळी यादी करते.

दिवाळीनंतरच्या भेटीत आजींनी सांगितले की समोरच्या शेजारीण मुलीकडे डोंबिवलीला कायमच्या राहायला जाणार आहेत. साडेदहाला दार कोण वाजवणार, हा प्रश्न त्यांनी माझ्याआधी ओळखला होता. अकराव्या मजल्यावर मणक्याचे ऑपरेशन झालेल्या एक बाई आहेत, त्यांच्या मुलाशी आजी लिफ्टमध्ये बोलल्या आहेत. त्या बाईंच्या डॉक्टरांची परवानगी मिळाली की तिघींची एकत्र भेट ठरवायची, असे आम्ही त्या दिवशी ठरवले.